शालीचा निळा

आईनं उजव्या डोळ्यावर तळहात धरला, टेबलावरच्या प्रिंटकडे बघितलं, मग हात डाव्या डोळ्यावर नेला, परत बघितलं, परत पहिला डोळा झाकला. दोन-तीनदा असं करून झाल्यावर म्हणाली, "अगं, हे दोन वेगळे फोटो आहेत." टेबलावर फोटो एकच होता. त्याच्या शेजारी तिची शाल घडी करून ठेवलेली, जी त्या फोटोत तिच्याच खांद्यावर आहे.

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते, डाव्याचं व्हायचं होतं. आणि त्याआधीचे चार महिने मी त्या एका फोटोचा रंग कागदावर नीट उतरावा म्हणून घालवले होते. त्या चार महिन्यांत जे कळलं ते लिहून ठेवायचं आहे, कारण सुरुवातीला मी जिथं अडकले तिथंच बहुतेक जण अडकतात, आणि शेवटी जिथं येऊन थांबले ते मला कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडलं नव्हतं.

फोटो साधा आहे. आई खिडकीशी बसलीय, ढगाळ दिवस, बाजूनं मऊ उजेड येतोय, आणि खांद्यावर शाल, त्याच दुपारी विणून पूर्ण झालेली. शालीच्या रंगाबद्दल घरात तीन मतं आहेत. आई चिंतामणी म्हणते, दादा जांभळा म्हणतो, मी निळा म्हणते. मला तर तो दिवस मावळल्यावर आणि अंधार पडायच्या आधी पाच-दहा मिनिटं आकाशाला जो गर्द निळा येतो तसला वाटतो. नाव काहीही द्या, पण शाल समोर धरली की तिघांनाही "हाच तो" हे पटतं. म्हणून मला वाटलं होतं की हे काम सोपं असेल, कारण मूळ वस्तू हातात आहे, ताडून बघता येतं.

पहिली प्रिंट एका लॅबकडून करून घेतली. आली ती अंधारी, शाल जांभळी, आणि आई गोरी. त्या तिन्हीतलं शेवटचं मला सगळ्यात लागलं. आई सावळी आहे. तिचा सावळा रंग त्या ढगाळ उजेडात इतका सुंदर दिसत होता, गालाच्या हाडावर थोडी चमक, डोळ्यांखाली गडद, आणि मशीननं तो सगळा उचलून फिकट करून टाकला होता. ऑटो करेक्शन नावाची गोष्ट असते, फोटोत चेहरा सापडला की सॉफ्टवेअर त्याला "बरा" करतं, आणि बरा म्हणजे उजळ असं कुणीतरी कधीतरी त्याच्यात घालून ठेवलेलं असतं. आई प्रिंट बघून एवढंच म्हणाली, "ही माझी मावशी दिसते."

याला जुना इतिहास आहे. फिल्मच्या काळात, १९५० च्या दशकापासून पुढं, कोडॅक कंपनी प्रिंटिंग लॅबना एक नमुना कार्ड पाठवायची, त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो, शर्ली कार्ड म्हणायचे त्याला. तिची त्वचा बरोबर आली की मशीन बरोबर. जगभरातल्या सावळ्या, काळ्या चेहऱ्यांचे फोटो त्या एका चेहऱ्याशी जुळवलेल्या मशीनमधून निघत राहिले. वेगवेगळ्या वर्णाच्या बायका एकत्र असलेलं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं. आपल्या जुन्या अल्बममध्ये कोण खरंच कसं दिसत होतं याचा विचार करताना मला आता हे कार्ड आठवतंच.

तर लॅबला देताना "नो करेक्शन" असं स्पष्ट सांगायचं, ही पहिली गोष्ट. बहुतेक ठिकाणी तसा पर्याय असतो, विचारावं लागतं. पण तसं सांगूनही दुसरी प्रिंट अंधारीच आली, म्हणजे तो दोष त्यांचा नव्हता.

दोष माझ्या मॉनिटरचा होता. मॉनिटर विकले जातात भडक ब्राइटनेसवर, खोलीत झळकायला. प्रिंटसाठी एडिटिंग करणारे लोक पडद्याचा पांढरा साधारण ८० ते १२० कॅंडेला प्रति चौरस मीटर (पडद्याचा उजळपणा मोजायचं एकक) ठेवतात, माझा त्याच्या दुप्पटीच्या वर होता. आता अशा पडद्यावर फोटो एडिट करायला बसलं की डोळा आपोआप सावल्या खाली ओढतो, कारण तिथं सगळंच उजळ दिसतंय, आणि मग तीच फाइल कागदावर गेली की कागदाला स्वतःचा उजेड नाही, खोलीत जो आहे त्यातलाच थोडा तो परत पाठवतो. अंधारी प्रिंट ही तक्रार दहापैकी बऱ्याच जणांची असते आणि प्रिंटर बिचारा त्यात निर्दोष असतो. मी ब्राइटनेस उतरवला, मग कलरीमीटर घेऊन मॉनिटर कॅलिब्रेट केला. हे छोटं उपकरण पडद्यावर टेकवून ठेवायचं, सॉफ्टवेअर एकामागून एक रंग दाखवतं, उपकरण ते मोजतं, आणि मागितलेला रंग आणि प्रत्यक्ष दिसलेला रंग यातल्या फरकाची एक फाइल बनते. तिला प्रोफाइल म्हणतात. कॅलिब्रेशन झाल्यावर पहिल्या दिवशी पडदा पिवळट, मेलेला वाटतो, दोन दिवसांत डोळे सरावतात. तेवढा धीर धरायचा, परत वर चढवायचं नाही.

प्रोफाइल या शब्दावर थोडं थांबते, कारण हे कळलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही. फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका. पण ०, ०, २५५ म्हणजे "पूर्ण निळा" हे जरी खरं असलं तरी कुणाचा पूर्ण निळा? माझ्या मॉनिटरचा वेगळा, दादाच्या फोनचा वेगळा, प्रिंटरचा तर भलताच. "एक कोस" म्हटल्यावर कुठल्या गावचा कोस हे विचारावं लागायचं तसंच. १९९३ साली काही मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन आयसीसी (इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियम) नावाची संस्था काढली, ती याचसाठी, की प्रत्येक उपकरणानं आपल्या आकड्यांचा अर्थ एका समान भाषेत सांगणारी फाइल सोबत द्यावी. मग १९९६ साली एसआरजीबी आलं, सामान्य मॉनिटरवर दिसेल एवढ्या रंगांचं वर्तुळ, आणि १९९८ साली अ‍ॅडोबी आरजीबी, त्याहून मोठं, खास करून हिरवे आणि मोरपंखी रंग जास्त सामावणारं. मोठं ते चांगलं असं समजून मी फाइल अ‍ॅडोबी आरजीबीत ठेवली आणि एका अ‍ॅपमधून पाठवताना प्रोफाइल गळून पडलं. पलीकडच्यानं ते आकडे एसआरजीबी समजून वाचले. आकडे तेच, अर्थ बदलला, आणि सगळा फोटो धुतल्यासारखा फिका. तेव्हापासून बाहेर पाठवायची फाइल मी एसआरजीबीत बदलून, प्रोफाइल जोडूनच पाठवते, समोरच्यानं स्पष्ट काही वेगळं मागितलं नसेल तर.

पण लॅबच्या प्रिंटमध्ये शाल जांभळीच येत राहिली, म्हणून शेवटी मी घरी प्रिंटर आणला. पिगमेंट शाईचा, फोटोसाठीचा. आणि पहिल्याच प्रिंटमध्ये सगळीकडे गुलाबी झाक, आईचा चेहरा, भिंत, खिडकीची चौकट, सगळं गुलाबी. नोझल म्हणजे शाई सोडणारी छिद्रं, ती चेक केली, व्यवस्थित होती. दोन दिवस गेले आणि मग कळलं की रंगांचं भाषांतर दोनदा होत होतं. एकदा माझं फोटोचं सॉफ्टवेअर प्रिंटरच्या प्रोफाइलप्रमाणे आकडे बदलत होतं, आणि ते बदललेले आकडे प्रिंटरच्या ड्रायव्हरला, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, मिळाले की तो पुन्हा स्वतःच्या समजुतीनं बदलत होता. सॉफ्टवेअरला रंग सांभाळायला सांगितलं तर ड्रायव्हरमध्ये जाऊन कलर मॅनेजमेंट बंद करायचं, एवढंच. किंवा उलट. पण दोघांना एकाच वेळी नाही. अशी अंगभर गुलाबी झाक दिसली की शाई बदलायच्या आधी हे बघा. आणि कागदाचा प्रकार ड्रायव्हरमध्ये बरोबर निवडलाय का तेही बघा, कारण किती शाई टाकायची हे प्रिंटर त्यावरून ठरवतो, मॅट कागद घालून ग्लॉसी निवडला असेल तर जगातलं कुठलंही प्रोफाइल तुम्हाला वाचवणार नाही.

गुलाबी गेला. जांभळा गेला नाही.

इथून पुढं मी खरी या विषयात शिरले, आणि आता मागे वळून बघताना वाटतं की शालीचा रंग दुसरा कुठलाही असता, विटकरी, शेवाळी, अबोली, तर मी तिथंच थांबले असते. निळा हा सगळ्यात अवघड. त्याच्या जांभळं होण्याला एक कारण नव्हतं, तीन होती, आणि तिन्ही एकाच दिशेला ओढत होती.

एक कॅमेऱ्यात. कितीतरी निळे रंग, फुलांचे किंवा कपड्यांचे, दिसणाऱ्या प्रकाशाच्या पार टोकाला, जिथं लाल संपून इन्फ्रारेड सुरू होतं तिथं पुन्हा भरपूर प्रकाश परत पाठवतात. आपल्या डोळ्याला तिथलं जवळजवळ काहीच दिसत नाही म्हणून आपण त्याला निळा म्हणतो. कॅमेऱ्यात तो प्रकाश अडवायला फिल्टर असतो पण सगळा अडत नाही, आणि जो आत शिरतो तो लाल म्हणून नोंदला जातो. निळ्यात लाल मिसळला की जांभळा. फिल्मवर काढलेल्या निळ्या फुलांचे फोटो गुलाबी यायचे ते यामुळंच. मला यावरून १८६१ ची गोष्ट आठवते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये पहिला रंगीत फोटो दाखवला, एका चौकड्याच्या रिबिनीचा. थॉमस सटन यांनी तो लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून वेगवेगळा टिपला होता. आता त्या काळच्या फोटोच्या रसायनाला लाल प्रकाश कळतच नव्हता, मग रिबिनीतला लाल आला कुठून? हे कोडं १०० वर्षांनी, १९६१ साली सुटलं. कोडॅकच्या संशोधकांनी दाखवून दिलं की लाल कापड अल्ट्राव्हायोलेटही परत पाठवतं आणि मॅक्सवेल यांचा लाल फिल्टर तो आत सोडत होता. म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशानं तो लाल रंगवला. त्यांच्या बाबतीत अदृश्य प्रकाश मदतीला आला, माझ्या शालीत तो आडवा आला, पण दोन्हीकडे कॅमेऱ्यानं जे बघितलं ते माणसानं बघितलेलं नव्हतं.

दुसरं कारण प्रिंटरमध्ये. पडदा रंग करतो ते उजेड मिसळून, काळ्यावर लाल, हिरवा, निळा ओतत. कागद सुरू होतो पांढऱ्यापासून आणि शाई त्यातला उजेड खात जाते. पडद्याला निळा हा मूळ रंग, त्याच्यासाठी स्वतंत्र दिवाच आहे, पण प्रिंटरकडे निळी शाई बहुतेक वेळा नसते, तो आकाशी सायन आणि गुलाबी मॅजेंटा एकावर एक टाकून निळा बनवतो, आणि दोन शायांमध्ये उजेड इतका खाल्ला जातो की गर्द आणि तरीही तेजस्वी असा निळा त्याच्या आवाक्याबाहेर राहतो. या आवाक्याला गॅमट म्हणतात. गॅमटच्या बाहेरचा रंग आला की जवळचा कुठला तरी आतला रंग द्यायचा, आणि तो कसा निवडायचा याचे चार ठरलेले मार्ग आहेत, त्यातले फोटोसाठी दोनच कामाचे. पर्सेप्च्युअल म्हणजे सगळेच रंग थोडे थोडे आत सरकवायचे, एकमेकांतलं नातं टिकवत. रिलेटिव्ह कलरिमेट्रिक म्हणजे जे आत आहेत त्यांना हात लावायचा नाही, बाहेरच्यांना काठावर आणून बसवायचं. आईचा चेहरा, भिंत, लाकूड हे सगळं आवाक्यात होतं, म्हणून मी दुसरा घेतला, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू ठेवून, म्हणजे फोटोतला सगळ्यात गडद काळा कागदाच्या सगळ्यात गडद काळ्याशी जुळवून.

तिसरं मला सगळ्यात आवडलेलं कारण. हे सरकवणं ज्या मोजपट्टीवर होतं ती लॅब (एल-ए-बी, प्रिंटच्या लॅबशी संबंध नाही) नावाची रंगांची मोजपट्टी १९७६ साली ठरली, आणि तिच्यात निळ्याच्या भागात एक बाक आहे. बाकी ठिकाणी रंगाचा भडकपणा कमी करत गेलं की रंग तोच राहून फिका होतो, पण निळा तसा फिका करत गेलं की तो जांभळ्याकडे घसरतो. गणिताच्या हिशेबात रेघ सरळ असते, डोळ्याला वाकडी दिसते. म्हणजे कॅमेऱ्यानं आधी थोडा जांभळा केलेला निळा प्रिंटरनं आत ओढताना आणखी जांभळा केला.

मग उपाय काय केला, तर रॉ फाइलपासून, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेल्या कच्च्या नोंदीपासून, परत सुरुवात केली. २४ चौकोनांचं रंगांचं कार्ड मिळतं, १९७६ पासून तेच चालत आलंय, ते त्याच खिडकीशी तसल्याच ढगाळ दिवशी ठेवून फोटो काढला, त्यावरून कॅमेऱ्याचं प्रोफाइल बनवलं. त्यानं आईचा चेहरा एकदम जागेवर आला, मला ते बघून खूप बरं वाटलं. शाल अर्धीच सुधारली, कारण कार्डावरचा निळा चौकोन आणि लोकरीचा निळा हे रसायन म्हणून वेगळे, एकाला लावलेलं औषध दुसऱ्याला पूर्ण लागू पडत नाही. उरलेलं हातानं, फक्त शालीपुरतं मास्क करून, म्हणजे बाकी फोटो झाकून, निळ्याचा ह्यू, म्हणजे रंगछटा, जांभळ्यापासून दूर ढकलत. आणि कागद मॅटवरून चमकदार बरायटाचा, म्हणजे बेरियमचा थर असलेला, घेतला. मॅट कागद मला स्पर्शाला जास्त आवडतो, पण त्याच्यावर सगळ्यात गडद काळासुद्धा कोळशासारखा राखाडी राहतो, गर्द रंगांना तिथं खोलीच मिळत नाही. आईचा एकटीचा चेहरा असता तर मी मॅटच घेतला असता.

पडद्यावर सॉफ्ट प्रूफ बघायची सवयही तेव्हाच लागली, म्हणजे या प्रिंटरवर या कागदावर हे कसं दिसेल याची पडद्यावरची नक्कल. ती लावली की फोटोतला जीव गेल्यासारखा वाटतो, म्हणून लोक ती बंद करतात. मी त्या क्षणी नजर दुसरीकडे वळवते, नक्कल चालू झाली की मग परत बघते. दोन चित्रं लागोपाठ बघितली की डोळा तुलना करतो, एकच बघितलं की त्याला सरावतो. अंदाजानं बारा प्रिंट वाया घालवण्यापेक्षा हे बरं, आणि पूर्ण प्रिंटच्या आधी चेहरा आणि शाल दोन्ही येतील अशी एक अरुंद पट्टी छापून, रात्रभर सुकू देऊन, सकाळी बघायची. ओल्या शाईवरून निर्णय घेऊ नये.

सकाळी बघायची हे मी मुद्दाम लिहिलं. कारण रात्री जुळलेली पट्टी सकाळी जुळत नव्हती. रात्री बल्बखाली शाल आणि पट्टी अगदी एक, सकाळी खिडकीत पट्टी वेगळी. दोन वस्तू एका उजेडात सारख्या आणि दुसऱ्यात वेगळ्या दिसणं, याला मेटामेरिझम म्हणतात. लोकरीचा रंग आणि शाईचा रंग हे वेगवेगळ्या वाटांनी डोळ्यात एकच निळा उभा करत असतात, उजेड बदलला की वाटा बदलतात. त्यात कागदाला जास्त पांढरा दिसावा म्हणून ब्राइटनर घातलेले असतात, ते अल्ट्राव्हायोलेट खाऊन निळसर उजेड सोडतात, खिडकीत कागद दुधासारखा आणि एलईडी खाली जरा पिवळट. छपाईच्या धंद्यात म्हणूनच रंग कुठल्या उजेडात बघायचा हे ठरवून टाकलंय, डी ५० नावाचा ठराविक पांढरा उजेड, बारकाईनं ताडायचं तर २००० लक्स (पडणारा उजेड मोजायचं एकक), एरवी ५०० लक्स. आपल्या घरात तसा दिवा असायची गरज नाही. प्रिंट जिथं लागणार आहे तिथला उजेड हाच तिचा उजेड. आमची प्रिंट त्याच खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लागणार होती, म्हणून मी खिडकीचा दिवसाचा उजेड धरला आणि ब्राइटनर नसलेला कागद घेतला.

शेवटी डोळ्यावर किती विश्वास ठेवायचा म्हणून ओळखीतून एक स्पेक्ट्रोफोटोमीटर उसना आणला. कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत येतो हे तो मोजतो. लोकरीवर मोजणं कठीण, पृष्ठभाग खडबडीत, टाक्यांमध्ये सावली, एकाच जागी दोनदा टेकवलं तरी आकडा हलतो. म्हणून मी शालभर वीस जागी मोजलं. चौदा आकडे एका बाजूला जमले, सहा जरा बाजूला. दोन घोळक्यांमध्ये डेल्टा ई तीनच्या आसपास. डेल्टा ई म्हणजे दोन रंगांमधलं अंतर, साधारण एकच्या आसपास असेल तर शेजारी ठेवूनही फरक जेमतेम कळतो. तीन म्हणजे कळायला हवा, पण मला शालीत काही दिसत नव्हतं, घडीची सावली असेल, लोकरीचा लवचिकपणा असेल, मोजताना हात हलला असेल असं धरून मी विसांची सरासरी काढली आणि पुढं गेले.

आणि प्रिंट जुळली. दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, शाल आणि प्रिंट शेजारी. मी बघितलं, दादानं बघितलं, यंत्रानं बघितलं. तिघांचं एकमत.

आईनं बघितलं आणि म्हणाली, "छान आहे गं. पण शाल हिरवट आलीय."

मला खरंच वाईट वाटलं. तिला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे तोपर्यंत माहीत झालं होतं, त्यामुळं मी मनात म्हटलं की तिला नीट दिसत नाही. पण रात्री झोपताना एक शंका आली आणि ती जाईना. मोतीबिंदूमुळं डोळ्यापुढं पिवळी काच आहे असं धरलं, तरी ती काच शालीपुढंही आहे आणि प्रिंटपुढंही. दोन्ही वस्तू सारख्याच पिवळ्या दिसायला हव्यात, एकमेकींशी जुळायला हव्यात. मग तिला फरक का दिसावा?

उत्तर त्याच मेटामेरिझममध्ये होतं, फक्त मी ते उजेडाकडून बघत होते, डोळ्याकडून बघितलं नव्हतं. उजेड बदलला की जुळणी मोडते तशी डोळा बदलला तरी मोडते. माझा डोळा आणि यंत्र जो निळा सारखा म्हणत होते तो सारखा ठरवणारं एक माप आहे, स्टँडर्ड ऑब्झर्व्हर, प्रमाण डोळा म्हणू या. हे माप १९३१ साली ठरलं, ब्रिटनमध्ये १९२० च्या दशकात विल्यम डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड यांनी केलेल्या प्रयोगांवरून. राइट यांच्याकडे १० माणसं, गिल्ड यांच्याकडे ७. एकूण १७ जण एका लहान गोलाकडे, हात लांब करून अंगठ्याच्या नखाएवढा दिसेल साधारण तेवढ्या गोलाकडे बघत दिवे कमीजास्त करून रंग जुळवत बसले, आणि त्यांच्या सरासरीवर आजचा प्रत्येक मॉनिटर, प्रत्येक प्रोफाइल, प्रत्येक डेल्टा ई उभा आहे. मला हे वाचून त्या १७ जणांबद्दल फार जिव्हाळा वाटला. त्यांचं काम इतकं चांगलं होतं की जवळजवळ शंभर वर्षं टिकलंय. पण ती सरासरी आहे, आणि माझी आई त्या सरासरीत नव्हती.

वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं, निळा-जांभळा प्रकाश आत येणं कमी होतं. हे इतकं हळू होतं की मेंदू सांभाळून घेतो, माणसाला पांढरं पांढरंच वाटतं. तिच्या त्या भिंगातून लोकरीचा निळा एका प्रमाणात कापला जात होता आणि शाईचा निळा दुसऱ्या. तिला शाल आणि प्रिंट खरोखरच वेगळ्या दिसत होत्या. तिच्या डोळ्यापुरतं तिचं म्हणणं अचूक होतं, आणि मी तिला नीट दिसत नाही म्हणून मोकळी झाले होते. मी दुसऱ्या दिवशी तिला हे सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे तुझ्यासाठी बरोबर आहे ना, मग लाव."

लावली नाही. तिच्या डोळ्यासाठी दुसरी प्रिंट केली, ती सांगेल तसं निळ्यात थोडा थोडा लाल परत घालत, पाच पट्ट्या छापल्या, चौथीवर ती म्हणाली ही. माझ्या डोळ्याला ती चौथी पट्टी जांभळी होती. दोन्ही प्रिंट मी ठेवल्या.

मग उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर घरी येऊन ती पहिलं काय म्हणाली तर, "भिंती कधी रंगवल्या?" भिंती तशाच होत्या. पहिले काही दिवस तिला सगळंच निळसर दिसायचं, पांढरी चादर निळी, दूध निळं. क्लोद मोने यांच्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३ साली झालं, ८२ वर्षांचे होते, त्यांनाही नंतर सगळं फार निळं दिसायला लागलं होतं आणि रंगीत काचांचे चष्मे लावून बघावं लागत होतं. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती खूश झाली. आठवडाभरात निळेपण ओसरलं, पण डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत तिच्याकडे एक गोष्ट होती जी माझ्याकडे कधीच असणार नाही, दोन वेगळ्या वयांचे डोळे एकाच चेहऱ्यात. आणि ती दिवसभर एक झाकून दुसऱ्यानं जग बघत फिरायची. झाडाची पानं, साबण, स्वतःचे हात. स्वतःच्या हातांकडे तर फार वेळ.

त्याच दिवसांत तो टेबलाजवळचा प्रसंग, जो मी सुरुवातीला सांगितला. तिच्यासमोर माझी मूळ प्रिंट होती. जुन्या डोळ्याला हिरवट, नव्याला शालीसारखी. मग मी तिची जांभळी प्रिंट काढून दिली. जुन्या डोळ्यानं बघून म्हणाली, "ही बरोबर," नव्यानं बघून, "ही कुणी केली?" आणि मग आम्ही दोघी बराच वेळ ते करत बसलो, मी शाल धरायची, ती डोळे बदलायची, आणि काय दिसतं ते सांगायची. एवढे महिने मी रंग बघत होते, पण दुसऱ्याला तो कसा दिसतो हे इतक्या जवळून मला कुणी सांगितलं नव्हतं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दोन महिन्यांनी झालं. तेही बरं झाल्यावर एका सकाळी मी मूळ प्रिंट भिंतीवर लावली, खिडकीच्या समोर. आई शाल घेऊन आली, प्रिंटच्या शेजारी उभी राहिली. आता झाकायला डोळा उरला नव्हता. बराच वेळ बघत होती. मला वाटलं चेहरा बघतेय.

"हा गोळा वेगळा आहे," ती म्हणाली.

"कुठला?"

तिनं प्रिंटमध्ये खांद्यावरून खाली येणाऱ्या भागावर बोट ठेवलं, शालीच्या काठापासून वीतभर. "इथून पुढं. बघ, हा जरा फिका आहे. शेवटी लोकर कमी पडली होती, मी नंतर आणवली होती, लॉट वेगळा निघाला. मला तेव्हा दिसलंच नाही." मग हातातली शाल उलगडून तीच जागा तिनं खिडकीकडे धरली, आणि आता मलाही दिसलं, एक रेघ, तिच्या अलीकडे चौदा आकडे आणि पलीकडे सहा. मी ज्याची सरासरी काढली होती ते. मी शालीचा रंग एका दिशेनं ढकलला, आवाक्यात बसवला, शाईत उतरवला, आणि एवढं सगळं होऊनही तो तीनचा फरक प्रिंटमध्ये शाबूत होता. मी तो टिकवला नव्हता, मला तो माहीतच नव्हता, पण वाटेत कुठं पुसलाही नव्हता. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की मी आईला ते आकडे दाखवायला लॅपटॉप आणायला धावले.

परत आले तर ती खिडकीशी बसली होती, त्याच जागी, शाल मांडीवर, आणि काठाकडून शेवटची गाठ शोधत होती.

"काय करतेस?"

"उसवते एवढं. आता दिसतंय तर चुकीचं कशाला ठेवू?"

"आई, थांब. फोटोतली शाल मग ही राहणार नाही."

"लोकर मिळते का बघ त्या लॉटची," ती म्हणाली, आणि गाठ सापडली.